गोव्याच्या रानवाटांवर गाणारे पक्षी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीच्या सकाळी मी चार-सहा जणांना घेऊन बोंडला, तांबडी सुर्ला किंवा सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या पायवाटेवर पक्षी ऐकायला जाते. आदल्या रात्री फोनवर आणि वाटेवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे लिहून ठेवली आहेत. काही लांबली आहेत, कारण तो विषयच तसा आहे.

गाणारे पक्षी म्हणजे नेमके कोणते? कोकीळ त्यात येतो ना?

येत नाही. पक्षिशास्त्रात ज्या गटाला गायक पक्षी म्हणतात त्यात दयाळ, बुलबुल, हळद्या, शिंजीर, सातभाई, शिंपी, कस्तुर येतात. आणि कावळाही येतो! आपल्या कवितेतला गाणारा कोकीळ मात्र त्या गटाबाहेरचा आहे. गटाची ओळख आवाजाच्या गोडीवर ठरत नाही, शरीररचनेवर ठरते. माणसाचे स्वरयंत्र गळ्यात वर असते. पक्ष्यांचे खूप खाली, श्वासनलिका दोन फुप्फुसांकडे फाटते तिथे असते. गायक पक्ष्यांत त्याचे स्नायू इतके बारकाईने काम करतात की दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दोन वेगळे सूर काढता येतात. शिवाय ही मंडळी आपले गाणे मोठ्यांचे ऐकून शिकतात. पिलू आधी नुसते पुटपुटते, मग चुकत चुकत गाणे बसवते.

रंगांनी वेड लावणारा नवरंग गायकांच्या जवळचा असला तरी काटेकोर पाहिले तर त्यांच्यातला नाही. तो दिसला तर मी मात्र सगळे बाजूला ठेवून त्यालाच बघते.

पहिल्यांदाच जायचे आहे. कुठे जावे?

बोंडला. गोव्यातले सगळ्यांत छोटे अभयारण्य, जेमतेम ८ चौरस किलोमीटर, उसगावच्या बाजूने वर चढले की आलेच. रस्ता चांगला, झाडी दाट, दोन तासांत बरेच काही कानावर पडते. गुरुवारी ते बंद असते, त्यामुळे वार बघून निघा.

एकदा कान तयार झाला की तांबडी सुर्ला. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचे रान आहे, आणि कदंबकालीन महादेवाचे काळ्या दगडातले देऊळ त्याच्या कुशीत बसले आहे. देवळाशेजारून नदी वाहते. तिच्या काठचे उंच वृक्ष, खाली वेत आणि बांबू, यामुळे जमिनीवरचे, झुडपातले आणि शेंड्यावरचे पक्षी एकाच जागी मिळतात. माझे मन सर्वांत जास्त तिथेच रमते.

दक्षिणेकडच्यांना काणकोणमधले खोतीगाव जवळ पडेल. १९६८ साली घोषित झालेले हे ८६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. पाणवठ्याजवळ झाडावर सुमारे २५ मीटर उंचीचे मचाण आहे, तिथून शेंड्यावरचे पक्षी मान न मोडता बघता येतात. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्ये १९९९ मध्ये घोषित झाली. दोन्ही दोनशे चौरस किलोमीटरांहून मोठी आहेत, वाटा लांबच्या आहेत, तेव्हा तिथे वाट माहीत असलेल्या गावकऱ्याला सोबत घेतल्याशिवाय शिरू नका. चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य सुंदरच आहे, पण ते खारफुटीचे. रायबंदरहून फेरीने जा, खंड्या आणि पाणपक्षी बघा. गाण्यासाठी मात्र घाटाकडचे रान गाठा.

इतक्या पहाटे उठायलाच हवे का?

हो.

डिसेंबरात गोव्यात सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो, मे महिन्यात सहाच्या सुमारास. गाणे त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी सुरू होते. भृंगराज तर चांदण्या रात्री चारलाही सुरू करतो. पहाटेची हवा थंड आणि स्थिर असते, आवाज लांब जातो. उजेड कमी म्हणून किडे शोधणे अवघड असते, मग तो वेळ हद्द सांगण्यात जातो. "मी इथे आहे, रात्र निभावली आहे, ही जागा माझी आहे" असे नर सांगत असतो. साडेनऊनंतर गाणे ओसरते. संध्याकाळी साडेचार ते अंधार पडेपर्यंत दुसरी बारी मिळते. श्यामा तर दिवस मावळल्यावरही गातो.

अभयारण्याची फाटके उजाडल्यावरच उघडतात, हे खरे. तोवर बाहेरच्या रस्त्याकडेला गाडी लावून ऐका. फाटकावरच्या वनरक्षक दादांशी आदल्या दिवशी बोलून ठेवले तर वेळाही कळतात आणि परवा कुठला उंबर पिकला तेही कळते.

आम्ही तीन किलोमीटर चाललो, आवाज खूप आले, दिसले काहीच नाही. काय चुकले?

चाललात, हेच चुकले.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपण रानात शिरलो की पहिल्या पाच-दहा मिनिटांत आजूबाजूचे पक्षी गप्प होतात किंवा धोक्याचा आवाज काढतात. आपण चालत राहिलो की ही शांतता आपल्यासोबत चालत राहते आणि आपण म्हणतो, रानात काही नाही. थांबलो की ती विरते. म्हणून तीन किलोमीटर चालण्याऐवजी तीनशे मीटरांत तीन जागा निवडा: ओढ्याचे वळण, फळांवर आलेले झाड, बांबूचे बेट. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे उभे राहा. दुर्बीण खाली, बोलणे बंद. आधी आवाज कुठून येतो ते ठरवा: जमिनीवरून, कमरेच्या उंचीवरून की शेंड्यावरून. एवढे ठरले तरी अर्धी ओळख झाली, कारण प्रत्येकाची उंची ठरलेली असते. ठिपकेवाला सातभाई पाचोळ्यात, श्यामा बांबूच्या खालच्या फांद्यांत, टिकेलचा निळा माशीमार डोक्याच्या आसपास, नीलपरी आणि पर्णपक्षी वर पानांत.

दुसरे म्हणजे, आपल्या रानात छोटे पक्षी मिसळून फिरतात. अर्धा तास शुकशुकाट असतो आणि मग एकदम झाडभर हालचाल सुरू होते. तपकिरी गालांचे छोटे सातभाई पुढे, मानेवर काळा ठिपका असलेला निळा मोनार्क, वर लालभडक निखार, खोडावर सुतार, आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवून भृंगराज. बाकीच्यांनी उडवलेले किडे तो हवेत पकडतो आणि शिक्रा आला तर सगळ्यांत आधी ओरडतो. असा थवा आला की त्याच्या मागे पळू नका. तो ज्या बाजूला सरकतो आहे तिकडे हळूच चार पावले पुढे जाऊन थांबा, तोच तुमच्यावरून जाईल. पाच मिनिटांत दहा-बारा जाती दिसू शकतात.

मी शिकत होते तेव्हा सत्तरी तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या काकांबरोबर जायचे. ते कुळागरात, म्हणजे सुपारी-केळीच्या बागेत, शिंपणे करता करता, वर न बघता, कोण बोलले ते सांगायचे. मी यादी घेऊन धावायचे. एकदा म्हणाले, "बाय, तू बस गो जरा. त्यांना येऊ दे." सुपारीच्या बुंध्याला टेकून बसले, तर नारिंगी डोक्याचा कस्तुर दोन हातांवर येऊन पाला उलटू लागला. पांढऱ्या गालावर दोन काळ्या उभ्या रेघा, घाटातल्या उपजातीची खूण, पहिल्यांदा मी अशी बसून पाहिली.

सुरुवातीला कोणते आवाज शिकावेत?

सगळे एकदम नको, डोक्यात खिचडी होते. मी आधी घराभोवतीचे शिकायला सांगते, कारण ते रोज ऐकून पक्के होतात.

शिपाई बुलबुल तुम्हाला ठाऊकच आहे. दयाळ उन्हाळ्यात विजेच्या तारेवर बसून तऱ्हेतऱ्हेच्या शिळा घालतो, एक ओळ पुन्हा तशीच म्हणत नाही. शिंपी मुठीत मावेल एवढा, पण "टुविट टुविट टुविट" इतके मोठ्याने की नवख्यांना वाटते पारव्याएवढा पक्षी असेल. सुभगची लांब खेचलेली शीळ एकदम खाली घसरते, "व्हीऽऽऽ-ट्यू". हळद्या बासरीसारखा, दोन-तीन गोल सुरांत.

रानात गेल्यावर मग पुढचे. टिकेलचा निळा माशीमार छोट्या घुंगरांची पाच-सहा टिकल्यांची ओळ म्हणतो. एकदा ओळखली की बोंडल्यात ती जिकडेतिकडे ऐकू येते. ठिपकेवाला सातभाई उतरत्या पायऱ्यांवरून आल्यासारखी शीळ घालतो आणि ती इतका वेळ घालत राहतो की तुम्ही मनातल्या मनात म्हणू लागता. कोयत्यासारख्या वाकड्या पिवळ्या चोचीचा सिमिटर सातभाई ऐकताना मात्र फसाल. नर "ऊप-पु-पु-पु" म्हणतो आणि मादी क्षणही न दवडता उत्तर देते. दोघांचे मिळून एकच वाक्य वाटते. कितीतरी दिवस मीही तो एकाच पक्ष्याचा आवाज समजत होते.

श्यामाला शेवटी ठेवा. भरलेला, ओला, खोल गळा. ऐकलात की नाव विचारावे लागणार नाही. आणि एक सावधगिरी: भृंगराज नकला करतो. शिक्र्याची, सातभाईंची, हळद्याची. एकाच झाडावरून लागोपाठ पाच पक्षी बोलले तर शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पाकळ्या असलेला काळा पक्षी शोधा.

राज्यपक्षी हमखास कुठे दिसेल?

हमखास असे रानात काही नसते, पण तांबडी सुर्ला आणि बोंडला या दोन ठिकाणी शक्यता चांगली. गोव्याचा राज्यपक्षी म्हणजे माणिककंठी बुलबुल. काळे डोके, पिवळे अंग, पांढरट डोळा आणि गळ्यावर माणकासारखा लाल ठिपका, तुरा नसतो. जगात तो पश्चिम घाट आणि लगतच्या रानांतच सापडतो. जुन्या पुस्तकांत तुम्हाला तो काळ्या तुऱ्याच्या बुलबुलाची उपजात म्हणून दिसेल, आता त्याला स्वतंत्र जात मानतात. फळांवर येतो. चांदाड्याला किंवा उंबराला फळे धरली असतील तर तिथेच थांबा.

घाटापुरते मर्यादित असलेले आणखी काही गोव्यात भेटतात: इवलासा किरमिजी पाठीचा शिंजीर, करड्या डोक्याचा बुलबुल, पांढऱ्या पोटाचा निळा माशीमार. शिंजिरासाठी रानात जायचीही गरज नाही, कुळागरातल्या केळफुलावर तो येतो.

कोणता ऋतू चांगला?

प्रवास करून येणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वाटा कोरड्या, आणि उत्तरेकडून आलेले पाहुणे असतात: नवरंग, स्वर्गीय नर्तक, रान परीट, पानांत सतत चुळबुळणारे वटवट्ये. पण हे लक्षात घ्या की पाहुणे इथे खायला आलेले असतात, हद्द मांडायला नाही. त्यामुळे हिवाळ्यात साधे छोटे आवाज जास्त, खरे गाणे कमी. झुडपातून "चक्, चक्" एवढेच येत असेल तर तो बहुधा ब्लाइथचा बोरू वटवट्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर आणि पांगारा फुलतो तेव्हा एका झाडाखाली सकाळ काढा. कोतवाल, मैना, पर्णपक्षी, शिंजीर सगळे मधावर येतात आणि भांडतात. एप्रिल-मे उकाड्याचे महिने, पर्यटकांना नकोसे, पण गाण्यासाठी मी हेच महिने निवडेन. दयाळ, श्यामा, हळद्या, सुभग भरात असतात.

आणि पावसाळा. पावसाळ्याची बाजू कोणी घेत नाही, म्हणून मी घेते. शीळकरी कस्तुर, मलबार व्हिसलिंग थ्रश, याचे गाणे पावसातच ऐकावे. गडद निळा-काळा, कपाळावर आणि खांद्यावर चमकता निळा पट्टा, ओढ्याच्या खडकांवर खेकडे, गोगलगायी, किडे वेचणारा. वझराच्या बाजूला, धबधब्याचा घनघोर आवाज चालू असताना, कोणी मुलगा वाट विसरून निवांत शीळ घालत चालला आहे असे वाटते. सूर लावतो, सोडतो, पुन्हा वेगळाच उचलतो. आमच्या गटातल्या एकीने तर पहिल्यांदा "कोण आहे रे तिकडे?" अशी हाक दिली होती. हरवळ्याचा धबधबा, नेत्रावळीतला सावरी, तांबडी सुर्ल्याची नदी ही त्याची ठिकाणे. पाण्यात उतरू नका. वरच्या डोंगरात पाऊस झाला की खाली काही कळायच्या आत लोंढा येतो. पावसात काही वाटा वन खाते बंद ठेवते, त्या बंदच समजा.

दुर्बीण कोणती घ्यावी?

८ बाय ४२. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा भिंगाचा व्यास मिलिमीटरांत. रानात उजेड कमी, म्हणून भिंग मोठे हवे. १० पटीची घेतली तर हात हलला की पक्षी हलतो. चांगली घेईपर्यंत पहिले वर्ष कुणाची उसनी वापरा, किंवा तशाच जा. कान फुकट आहेत.

मोबाइलवरचे ॲप आवाज ओळखते म्हणतात. वापरू का?

वापरा. मर्लिन हे ॲप कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचे आहे, भारतातल्या पुष्कळ पक्ष्यांचे आवाज ओळखते आणि माहितीसंच आधी उतरवून घेतला की रेंज नसतानाही चालते. मोलेत रेंज नसतेच. पण ते सांगेल ते नाव म्हणजे सूचना, निकाल नव्हे. भृंगराजाने नक्कल केली की तेही फसते. आधी स्वतः अंदाज बांधा, मग पडद्याकडे बघा.

त्याच ॲपमधला आवाज रानात वाजवून पक्ष्याला बोलावणे मात्र नको. माझ्या सोबत येणाऱ्यांना मी ते करू देत नाही. नराला वाटते हद्दीत दुसरा घुसला. तो खाणे सोडून, घरटे सोडून, समोर येतो, फुगतो, शोधतो. तुम्हाला फोटो मिळतो आणि तुम्ही जाता. तासाभराने दुसरा गट येतो आणि तेच करतो. विणीच्या दिवसांत लोकप्रिय वाटेवरच्या एका श्यामाचे काय होत असेल त्याचा विचार करा.

फोटो काढायला हरकत आहे का?

वाटेवरून, फ्लॅश न वापरता, खुशाल काढा. घरट्याचा नाही. एका जुलैत कुळागराच्या कडेला मोनार्कचे घरटे होते, कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेले, चहाच्या छोट्या कपाएवढे. आम्ही लांबून पाहून परतलो. कुणीतरी नंतर येऊन पुढच्या डहाळ्या मोडल्या, पान आड येत होते म्हणून. ते पानच त्याचे छप्पर होते. तिसऱ्या दिवशी घरटे रिकामे, काठ फाटलेला. कावळ्याने नेले की सापाने, कोण जाणे, पण दार आपल्यापैकीच कुणीतरी उघडून दिले. तेव्हापासून घरट्याची जागा मी कुणालाही सांगत नाही, जवळच्यांनाही नाही. राग मानू नका.

जळवा, गोचिडी, गवे यांचे काय?

जळवांची भीती उगाच. पावसात लांब मोजे पँटवर ओढा, चावली तर मीठ किंवा बोटाच्या नखाने सरकवून काढा.

गोचिडीकडे मात्र दुर्लक्ष नको. डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत तिच्यातून माकडताप पसरतो. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात या रोगाचा विषाणू सापडला. गोव्यात सत्तरीत २०१५ पासून रुग्ण आढळले. पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यांत खोचलेली, पाचोळ्यावर बसायचे तर खाली जाड कापड, घरी येताच कपडे गरम पाण्यात आणि अंगावर गोचीड आहे का ते तपासणे. वाटेत मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. रानातून आल्यावर काही दिवसांत जोराचा ताप आणि अंगदुखी झाली तर डॉक्टरांना रानात गेला होतात हे न विसरता सांगा.

गवा हा आपला राज्यप्राणी. दिसला तर थांबा, आवाज न करता आल्या वाटेने मागे फिरा. एकटा नर असेल तर अंतर आणखी वाढवा. आणि बांबूच्या बेटात हात घालण्याआधी बघा, हिरवा चापडा अगदी पानासारखा बसलेला असतो.

लहान मुलांना, आईवडिलांना नेता येईल?

बोंडल्याला नक्की. मुलांना "पक्षी दाखव" म्हणू नका, "किती वेगळे आवाज मोजलेस?" असे विचारा, डोळे मिटून बोटे मोजत उभी राहतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी घडीची खुर्ची घ्या. वर म्हटले तसे, बसणारा माणूस चालणाऱ्याहून जास्त ऐकतो, तेव्हा आजीच्या वहीत नातवापेक्षा मोठी यादी भरली तर नवल नाही.

दयाळ किंवा श्यामा घरी पाळता येतो का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे आपले रानपक्षी पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. कुठे विक्री दिसली तर वन खात्याला कळवा.

अभयारण्यापर्यंत जाणे जमत नाही. जवळपास काही?

कुळागर हे गोव्याचे सर्वांत सोपे पक्षी ठिकाण आहे. सुपारी, केळी, मिरी, जायफळ, मध्ये वाहता पाट, बारा महिने सावली. मालकाला विचारून जा. फुलटोच्यासाठी आंब्यावरचे बांडगूळ शोधा: तो त्याची फळे खातो, चिकट बिया फांदीला पुसतो आणि तिथेच नवे बांडगूळ रुजते.

सड्यावर, जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, मलबार चंडोल डोक्यावर तुरा उभारून बसतो आणि गाणे म्हणत सरळ वर चढतो. आणि देवाची राय, म्हणजे देवराई. सत्तरीतल्या बांबरची निरंकाराची राय म्हणजे रानजायफळाची दलदल आहे. मुळे चिखलातून गुडघ्यांसारखी वर आलेली, दुपारीही अंधार. तिथे पायताण काढून, गावकऱ्यांना विचारून, वाट सोडून न जाता उभे राहावे.

पाहिलेले कुठे नोंदवायचे? एवढ्याशा यादीचा कुणाला उपयोग?

ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा, जागा, वेळ, किती मिनिटे थांबलात आणि काय काय ऐकले. ऐकलेलेही चालते, दिसायलाच हवे असे नाही. गोव्यात साडेचारशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे आणि ती अशाच याद्यांनी. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसबागेतल्या पक्ष्यांची गणना होते, त्यात पंधरा मिनिटांची यादीही चालते. फक्त विणीचे ठिकाण उघड करू नका.

माझी स्वतःची जुनी वही अजून आहे. त्यात शीळकरी कस्तुराची पहिली हाक दर वर्षी कोणत्या तारखेला, कोणत्या ओहोळावर ऐकली ते लिहिलेले आहे. तुमच्याकडच्या ओहोळावर तो कधी बोलू लागतो, ते तुम्हीच लिहायचे आहे. तिथे पहाटे दुसरे कुणी उभे नसते.